वळणाआधीचे चार किलोमीटर: रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार यांस,


२४ जुलै २०१३ रोजी संध्याकाळी ८ वाजून ४१ मिनिटांनी, आकाशात अजून उजेड असताना, स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात माद्रिदहून फेरोलकडे निघालेली आल्विया ही वेगवान गाडी रुळांवरून उडाली. सांतियागो दे कॉम्पोस्तेला स्थानक तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर होते. अंग्रोइस नावाच्या वस्तीला लागून असलेल्या त्या वळणावर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर होती आणि गाडी १७९ च्या वेगाने वळणात शिरली. न्यायालयाच्या निकालात मृतांचा आकडा ७९ आहे. पीडितांची संघटना तो ८० धरते, कारण एका जखमीचा मृत्यू पुढे काही काळाने झाला. जखमी १४० च्या वर होते. दुसऱ्या दिवशी संत याकोबाचा सण, म्हणजे गॅलिसियाचा सर्वांत मोठा उत्सव. तो रद्द झाला आणि प्रांतात सात दिवसांचा दुखवटा पाळला गेला. हा अपघात आता जुना झाला, तरी त्याविषयी तुम्हाला आज लिहावेसे वाटते. त्या संध्याकाळनंतर तिथल्या सामान्य माणसांनी अकरा वर्षे जो हट्ट धरला, त्यातून रेल्वेसुरक्षेची एक गोष्ट इतकी स्वच्छ दिसते की मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेमार्गावर पहिली गाडी धावण्याआधी ती तुमच्या टेबलावर असायला हवी.

अपघाताच्या पहिल्या तासात अंग्रोइसचे लोक घरातल्या चादरी, ब्लँकेट घेऊन उतारावरून रुळांकडे धावले आणि मिळेल त्या वस्तूने खिडक्या फोडून आतल्यांना बाहेर काढू लागले. रक्तदानासाठी लोकांनी रांगा लावल्या. जनतेची पहिली प्रतिक्रिया ही होती आणि ती बातम्यांत लवकरच मागे पडली. वळणावरच्या कॅमेऱ्यातले काही सेकंदांचे चित्रण बाहेर आले, जगभर फिरले आणि पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला: इतक्या वेगात गाडी कोणी आणली? उत्तर तयारच होते. चालकाने वर्षभरापूर्वी फेसबुकवर टाकलेले वेगदर्शकाचे छायाचित्र सापडले. काटा २०० वर होता. वेगाचे वेड असलेला माणूस, असा त्याचा चेहरा दोन दिवसांत तयार झाला. त्या मार्गावर त्या गाडीचा २०० हा रोजचा, परवानगीचा वेग होता, ही साधी गोष्ट त्या गदारोळात फार थोड्यांनी सांगितली. रेल्वेचे वरिष्ठही याच दिशेने बोलू लागले. गाडी चालवणाऱ्या रेन्फे कंपनीच्या अध्यक्षांनी गाडीची त्याच सकाळी तपासणी झाली होती असे सांगितले. रूळ आणि सिग्नल सांभाळणाऱ्या आदिफ या संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितले की चालकाने वळणाच्या चार किलोमीटर आधीच ब्रेक लावायला सुरुवात करायला हवी होती. पंतप्रधान मारियानो राखोय स्वतः सांतियागोचेच. त्यांच्या कार्यालयाच्या शोकसंदेशात चीनमधल्या गान्सूच्या भूकंपाविषयीचा एक परिच्छेद चुकून तसाच राहिला होता. लोक त्यावर संतापले. जुन्या संदेशावरून नवा संदेश उतरवला गेला होता हे उघड होते आणि ज्यांच्या घरात मृतदेह यायचे होते त्यांना ते सहन होणे शक्य नव्हते.

चालकाची चूक खरी होती, हे आधीच मान्य करतो. ती लपवून पुढचा युक्तिवाद उभा करण्यात मला रस नाही. वळण जवळ येत असताना गाडीतल्या तिकीट तपासनीसाने त्याला कंपनीच्या फोनवर फोन केला. पुढच्या एका स्थानकात एका कुटुंबाला उतरणे सोपे जावे म्हणून गाडी कोणत्या रुळावर घेता येईल, हा विषय होता. संभाषण सुमारे १०० सेकंद चालले. तेवढ्यात तो आपण कुठे आहोत याचे भान हरवून बसला. ब्रेक लागले तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने हे नाकारले नाही. पण आदिफच्या अध्यक्षांचे ते वाक्य पुन्हा वाचून पाहा: चार किलोमीटर आधी ब्रेक लावायला हवा होता. ताशी २०० च्या वेगाने चार किलोमीटर म्हणजे ७२ सेकंद. त्या ७२ सेकंदांत, त्या चार किलोमीटरांत, माणसाचे लक्ष चुकले तर त्याला सावध करणारे किंवा त्याच्याऐवजी ब्रेक लावणारे तिथे काय होते? हा प्रश्न अंग्रोइसच्या मृतांच्या नातेवाइकांनी विचारला आणि सगळे या एका प्रश्नातून उलगडत गेले.

तिथे जवळजवळ काहीच नव्हते. ओरेन्से ते सांतियागो हा ८७ किलोमीटरचा नवा मार्ग डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाला. ऐंशीएक किलोमीटर गाडी २०० च्या वेगाने बोगदे आणि पूल ओलांडत जाते आणि मग जुन्या शहराजवळ आल्यावर एकदम ८० चे वळण येते. मूळ आराखड्यात गाडीच्या वेगावर सतत नजर ठेवणारी आणि चालक चुकला तर स्वतः ब्रेक लावणारी युरोपीय नियंत्रण प्रणाली, म्हणजे ईआरटीएमएस, सांतियागोपर्यंत होती. २०१० मध्ये आराखडा बदलला आणि ही प्रणाली वळणाच्या काही किलोमीटर अलीकडेच संपवली गेली. पुढच्या तुकड्यात आस्फा नावाची जुनी व्यवस्था उरली. लाल सिग्नल ओलांडला किंवा गाडी २०० च्या वर गेली तर ती गाडी थांबवत असे. १९९ च्या वेगाने ८० च्या वळणाकडे निघालेल्या गाडीत तिच्या दृष्टीने काहीच चुकीचे नव्हते. त्यात भर म्हणजे जून २०१२ मध्ये या प्रकारच्या गाड्या सुरू झाल्यावर त्यांच्यातली ईआरटीएमएस वारंवार बिघडून गाड्यांना उशीर होऊ लागला, तेव्हा रेन्फेच्या विनंतीवरून आणि आदिफच्या परवानगीने गाड्यांतली ही प्रणाली बंद करण्यात आली. वेग कमी करायची जागा चालकाच्या हातातल्या पुस्तकात किलोमीटरच्या आकड्याने लिहिलेली होती. ती त्याने लक्षात ठेवायची. २०० प्रवाशांचे प्राण आणि मृत्यू यांच्यामध्ये एका माणसाची आठवण, एवढीच आडकाठी होती.

हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असेही नाही, आणि या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. मार्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले होते तेव्हाच, डिसेंबर २०११ च्या अखेरीस, ओरेन्सेमधल्या चालकांच्या प्रमुखाने आपल्या वरिष्ठाला ईमेल पाठवून कळवले होते की २०० वरून एकदम ८० वर येण्याची ही जागा धोक्याची आहे, तिथे चालकाला इशारा देणारे काही नाही आणि काहीतरी करायला हवे. त्या पत्रावर कारवाई झाली नाही. अपघातानंतर मात्र त्याच जागी टप्प्याटप्प्याने वेग कमी करायला सांगणारे फलक लागले, वेग जास्त असेल तर गाडीला ब्रेक लावणारी यंत्रे रुळांत बसली आणि वळणाची मर्यादा आणखी खाली आणली गेली. फलक आणि रुळांतली यंत्रे ही काही फार मोठी किंवा नवी तंत्रविद्या नव्हती. स्पेनकडे ती आधीपासून होती आणि अपघातानंतर ती बसवायला कोणाला वर्षे लागली नाहीत. ७९ मृतदेह येण्याआधी ती तिथे का नव्हती, याचे उत्तर चालकाच्या फोनमध्ये सापडत नाही. ते कार्यालयांत सापडते. अमुक प्रणाली इथपर्यंतच, अमुक यंत्र बंद, अमुक पत्र फाइलमध्ये, अशा निर्णयांच्या साखळीत ते असते. त्या साखळीतली प्रत्येक सही करणारा माणूस कदाचित प्रामाणिक होता. पण सगळ्या सह्या मिळून त्या चार किलोमीटरांत पोकळी तयार झाली होती.

ही साखळी उघड कोणी केली? अधिकृत चौकशीने नाही. रेल्वे अपघातांची चौकशी करणारा स्पेनचा आयोग तेव्हा वाहतूक मंत्रालयाच्याच अखत्यारीत होता आणि अपघाताच्या अभ्यासात रेन्फे आणि आदिफची माणसेही सामील होती. २०१४ च्या त्याच्या अहवालाने ठपका चालकाच्या वेगावर ठेवला. पीडितांच्या संघटनेने तो अहवाल स्वीकारला नाही. हे लोक दरवर्षी २४ जुलैला सांतियागोच्या रस्त्यांवर उतरले. त्यांनी युरोपीय संसदेकडे दाद मागितली आणि त्यातून युरोपीय रेल्वे एजन्सीने स्पेनच्या चौकशीची तपासणी केली. २०१६ मध्ये तिने सांगितले की ही चौकशी पुरेशी स्वतंत्र नव्हती आणि अपघाताच्या मुळाशी असलेल्या कारणांपर्यंत ती पोचलीच नाही. युरोपीय आयोगानेही चौकशीच्या स्वातंत्र्यावरून स्पेनविरुद्ध कारवाई सुरू केली. स्पेनच्या संसदेत चौकशी समिती बसली, निवडणुकांमुळे ती अर्ध्यावर बरखास्त झाली. मार्ग सुरू झाला तेव्हा आदिफमध्ये वाहतूक सुरक्षेचा प्रमुख असलेला अधिकारी चालकाबरोबर आरोपी म्हणून उभा राहायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. खटला जवळपास दहा महिने चालला. शेवटी सरकारी वकिलांनी त्या अधिकाऱ्यावरचा आरोप मागे घेतला. तरी पीडितांच्या वकिलांनी तो सोडला नाही आणि जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी चालक आणि तो अधिकारी या दोघांनाही गंभीर निष्काळजीपणासाठी दोषी ठरवून प्रत्येकी अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट २०२४ मध्ये, स्पेनने वाहतूक अपघातांच्या तांत्रिक तपासासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करण्याचा कायदा केला. पहिल्या अहवालापासून या कायद्यापर्यंत दहा वर्षे गेली आणि त्यातले एकही पाऊल कोणी आपणहून उचललेले नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग तुम्हाला चालकाऐवजी मोठा मासा हवा आहे, रागाची दिशा फक्त वरच्या मजल्याकडे वळवायची आहे. तसे नाही. त्या शिक्षेविरुद्ध अपिले झाली आहेत आणि वरच्या न्यायालयांत कोणाची शिक्षा टिकते, कोणाची नाही, यावर माझा मुद्दा अवलंबून नाही. एखादा अधिकारी तुरुंगात जाऊन वळण सुरक्षित होत नाही, जसे चालक तुरुंगात जाऊन होत नाही. खटला हा गुन्हा शोधतो आणि गुन्हा शोधायचा म्हणजे माणूस शोधायचा. सुरक्षेची चौकशी वेगळी असते. तिला माणूस चुकेल हे धरूनच सुरुवात करावी लागते आणि त्या चुकीला कुठे झेलता आले असते ते पाहावे लागते. दोन्ही कामे एकाच टेबलावर, एकाच मंत्रालयाच्या छपराखाली झाली की पहिले काम दुसऱ्याला गिळते. जपानचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे, कारण आपला वेगवान मार्ग तिथल्याच तंत्रावर उभा राहतो आहे. २५ एप्रिल २००५ ला अमागासाकीत एक साधी लोकल ७० च्या वळणावर ११६ च्या वेगाने शिरली आणि १०७ माणसे गेली. २३ वर्षांचा चालकही त्यात गेला. गाडीला सुमारे दीड मिनिट उशीर झाला होता आणि त्या कंपनीत उशिराबद्दल चालकांना अपमानाच्या ‘प्रशिक्षणाला’ बसवण्याची पद्धत होती. वळणावर वेग आपोआप रोखणारी नवी यंत्रणा बसलेली नव्हती. म्हणजे अंग्रोइसचेच चित्र, फक्त चालक जिवंत नाही. आणि २००९ मध्ये उघड झाले की चौकशी आयोगाच्या एका सदस्याने अहवालाचा मसुदा आधीच रेल्वे कंपनीच्या वरिष्ठांच्या हाती दिला होता. शिंकान्सेनच्या मार्गांवर १९६४ पासून टक्कर किंवा घसरण होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही, हे निर्विवाद आहे. पण त्याच देशात, त्याच शिस्तीच्या लोकांत, चौकशी करणारा आणि जिची चौकशी व्हायची ती कंपनी यांच्यातले अंतर एकदा संपले तेव्हा काय झाले हेही तितकेच निर्विवाद आहे. तंत्र विकत आणता येते. हे अंतर आपले आपल्याला राखावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. लोकांच्या रागावर सुरक्षेचे धोरण कसे ठरवायचे? राग आंधळा असतो. तो फेसबुकवरच्या एका छायाचित्रावर माणसाला गुन्हेगार ठरवतो. आपल्याकडे २ जून २०२३ ला बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेसचा भीषण अपघात झाला तेव्हा घटनास्थळाशेजारची इमारत मशीद असल्याची अफवा पसरवून त्यात धर्म ओढला गेला. ती इमारत प्रत्यक्षात मंदिर होती. हे सगळे खरे आहे. पण अंग्रोइसमध्ये नीट पाहिले तर दिसते की आंधळा राग आणि डोळस राग या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आंधळा राग पहिल्या दोन दिवसांत होता आणि अधिकाऱ्यांच्या विधानांनी त्यालाच खतपाणी मिळाले. डोळस राग नंतर आला, ज्यांचे माणूस गेले त्यांच्याकडून आला, आणि त्यांनी चालकाला फाशी द्या असे म्हटले नाही. त्यांनी आराखडे मागितले, बदलाच्या फाइली मागितल्या, ईमेल शोधले, तज्ज्ञांना गाठले. ज्यांना सर्वाधिक सूड हवा असेल असे आपण गृहीत धरतो त्यांनाच कारण हवे होते. हे अनेक अपघातांत दिसते आणि ते समजण्यासारखे आहे: सूड घेऊन मृत्यूला अर्थ येत नाही, पण तो पुन्हा होणार नाही इतके कळले तर थोडा येतो. राग आंधळा राहतो तो माहिती मिळत नाही तेव्हा. ज्या सरकारला अफवांची भीती वाटते त्याने माहिती रोखून धरू नये, लवकर द्यावी.

चीनमध्ये याची दुसरी बाजू दिसली. २३ जुलै २०११ ला वन्जोजवळच्या उंच पुलावर एक वेगवान गाडी पुढच्या गाडीवर मागून आदळली आणि ४० माणसे गेली. सुरुवातीला कारण म्हणून वीज पडल्याचे सांगितले गेले. घटनास्थळीच एका डब्याचे अवशेष खड्ड्यात पुरले गेले. शोधकार्य संपत आले असे वाटत असताना दुर्घटनेच्या सुमारे २१ तासांनी दोन वर्षांची एक मुलगी जिवंत सापडली. वार्ताहरांनी याचा जाब विचारला तेव्हा रेल्वेच्या प्रवक्त्यांनी दिलेले उत्तर ऐकून सारा देश खवळला. तिथे रस्त्यावर उतरण्याची मोकळीक नव्हती, वृत्तपत्रांवर बंधने आली, तरी इंटरनेटवर उसळलेला प्रक्षोभ इतका मोठा होता की चौकशीच्या गटातून रेल्वे मंत्रालयाला बाजूला करावे लागले. डिसेंबरमधल्या अहवालात कारण सापडले ते सिग्नल यंत्रणेच्या रचनेतला दोष आणि तिची नीट पारख न करता ती वापरात आणणे. विजेने फक्त तो दोष उघडा पाडला. ५४ अधिकाऱ्यांवर जबाबदारी निश्चित झाली आणि वेगवान गाड्यांचे वेग उतरवले गेले. आपल्याकडे वृत्तपत्रे आहेत, न्यायालये आहेत, माहितीचा अधिकार आहे. तिथल्या लोकांना जे रागाच्या बळावर आणि मोठी जोखीम पत्करून मिळवावे लागले ते आपल्याकडे नियमाने मिळायला काय हरकत आहे?

तिसरा आक्षेप तुमच्या मंत्रालयातून येईल आणि तो मला हलका वाटत नाही. अपघाताची प्रत्येक फाइल उघडायची, प्रत्येक सहीचा जाब विचारायचा म्हटले तर अधिकारी सहीच करणार नाहीत, प्रकल्प अडतील, आणि वेगवान रेल्वे जितकी उशिरा येईल तितकी माणसे रस्त्यांवर मरत राहतील. रस्त्यावरचा प्रवास रेल्वेपेक्षा कितीतरी पटीने धोक्याचा आहे हे मान्य. पण अंग्रोइसमध्ये भीतीमुळे सह्या थांबल्या नव्हत्या. तिथे सह्या सहज झाल्या होत्या. उशीर टाळण्यासाठी यंत्रणा बंद करण्याची परवानगी मिळाली, कारण ती परवानगी कोणी बाहेरचा माणूस वाचणार नव्हता. आपली नोंद उद्या स्वतंत्र तपासनीस वाचेल हे ठाऊक असलेला अधिकारी सही नाकारत नाही, तो सहीखाली अट लिहितो: यंत्र बंद करायचे असेल तर अमुक वळणावर फलक लावा, अमुक ठिकाणी वेग उतरवा. डिसेंबर २०११ चे ते ईमेल लिहिणारा माणूस घाबरट नव्हता, काम अडवणाराही नव्हता. त्याच्यासारख्या लोकांना ऐकले जाईल असे ठिकाण मिळवून देणे हा सुरक्षेचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आता आपल्याकडे पाहू. रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा विभाग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, रेल्वे मंत्रालयाखाली नाही. हे अंतर आपल्या आधीच्या पिढ्यांनी शहाणपणाने राखले. पण आयुक्त रेल्वेच्याच अधिकाऱ्यांमधून येतात आणि त्यांच्या शिफारशी मानायच्या की नाही हे रेल्वेच ठरवते. १७ जून २०२४ ला पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून आदळली. त्याच दिवशी रेल्वे मंडळाकडून सांगितले गेले की मालगाडीच्या चालकाने सिग्नल पाळला नाही. चालक अपघातात मेला होता, त्याला उत्तर देता येणार नव्हते. आयुक्तांचा अहवाल आला तेव्हा चित्र वेगळे होते. सिग्नल पहाटेपासून बिघडलेले, चालकांना दिलेल्या परवानगीच्या कागदावर वेगमर्यादा नमूद नाही, आणि त्या सकाळी त्याच पट्ट्यातून गेलेल्या इतर चालकांनीही त्या कागदाचा अर्थ आपापल्या परीने लावलेला. आयुक्तांनी म्हटले की असा अपघात कधीतरी होणारच होता. अंग्रोइसच्या चार किलोमीटरांपेक्षा हे फार वेगळे नाही. फरक इतकाच की आपल्याकडे खरे कारण महिन्याभरात एका सरकारी अधिकाऱ्यानेच लिहिले, आणि त्याबद्दल त्या विभागाला श्रेय द्यायला हवे. पण पहिल्या दिवशीचे विधान घराघरांत पोचले, अहवाल फार थोड्यांनी वाचला आणि मृत चालकाच्या घरच्यांना जाहीरपणे कोणी काही सांगितल्याचे दिसले नाही.

आयुक्त रेल्वेतूनच येतात आणि त्यांच्या शिफारशी मानणे रेल्वेच्या मर्जीवर असते, या दोन्ही उणिवांवर उपाय आपल्याच एका माणसाने सुचवलेला आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वेच्या सुरक्षेवर अहवाल दिला. नियम करणारे, गाड्या चालवणारे आणि नियम पाळले जातात की नाही ते पाहणारे हे तिन्ही रेल्वे मंडळच आहे, हा त्या अहवालाच्या गाभ्याशी असलेला आक्षेप होता, आणि कायद्याने स्थापलेले, मंडळापासून स्वतंत्र असे रेल्वे सुरक्षा प्राधिकरण असावे ही त्याची शिफारस होती. अंग्रोइसचा अपघात तेव्हा अजून व्हायचा होता. म्हणजे स्पेनला जे ७९ मृतदेहांनंतर आणि अकरा वर्षांच्या मोर्च्यांनंतर उमगले ते आपल्याकडे आधीच लिहून ठेवलेले आहे, आणि ते प्राधिकरण अजूनही कायद्याच्या पुस्तकात नाही.

मुंबई ते अहमदाबाद हा मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे. वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही त्यावरची महाराष्ट्रातली स्थानके. गाडी ताशी ३२० किलोमीटरने धावायची आहे. अंग्रोइसच्या दीडपटीहून जास्त वेग. तिथे चार किलोमीटर ७२ सेकंदांत सरतात, इथे ४५ सेकंदांत. म्हणून या मार्गाच्या उद्घाटनाआधी तीन गोष्टी संसदेत आणाव्यात असे मला वाटते. काकोडकर समितीने सुचवलेले प्राधिकरण, ज्याची माणसे आणि पैसा दोन्ही तुमच्या मंत्रालयाच्या हाती नसतील. प्राणहानी झालेल्या प्रत्येक अपघाताचा अहवाल ठरलेल्या मुदतीत, त्या-त्या राज्याच्या भाषेतही, जनतेसमोर ठेवण्याचे कायद्याचे बंधन, आणि त्यातली एखादी शिफारस नाकारली तर ती का नाकारली याचे लेखी उत्तर. आणि ज्यांचे माणूस गेले त्यांना चौकशीत कागद पाहण्याचा, प्रश्न विचारण्याचा हक्क, म्हणजे त्यांना त्यासाठी अकरा वर्षे रस्त्यावर उभे राहावे लागणार नाही. याखेरीज एक गोष्ट कायद्याशिवायही आजपासून करता येईल: अपघात झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मंत्रालयाने चालकाविषयी, गार्डविषयी, स्टेशनमास्तरविषयी एक शब्दही बोलू नये. किती गेले, किती जखमी आहेत, कोणती रुग्णालये, कोणता दूरध्वनी क्रमांक, एवढेच बोलावे.

अंग्रोइसच्या वस्तीतून रुळांवरून जाणाऱ्या पुलाच्या जाळीला लोकांनी फिती, फुले आणि चिठ्ठ्या बांधल्या. पुलाखालून आजही गाड्या जातात आणि त्या चार किलोमीटरांत आता फलक आहेत, रुळांत यंत्रे आहेत, वेग आधीच उतरतो. आपल्या ५०८ किलोमीटरांत अशी कोणती जागा आहे का जिथे एखाद्या अभियंत्याने किंवा चालक प्रशिक्षकाने धोका कळवलेला आहे आणि पत्र फाइलमध्ये आहे, ते शोधण्याचे काम कोणाकडे सोपवले आहे? त्या माणसाचे पद आणि तो कोणाला उत्तर देतो, हे पहिल्या गाडीच्या वेळापत्रकाच्या आधी जाहीर व्हावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नागरिक